फोर्ट ट्रम्बुल भूसंपादन वाद

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन या बंदराच्या शहरात, पुनर्विकासासाठी लोकांची राहती घरे सक्तीने संपादित करण्यावरून उद्भवलेला वाद. ‘केलो विरुद्ध न्यू लंडन शहर’ या नावाने तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २३ जून २००५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी शहराच्या बाजूने निकाल लागला.

टेम्स नदीच्या मुखाशी वसलेल्या या शहराची घडी तेव्हा पार विस्कटलेली होती. राज्य सरकारने १९९० मध्येच त्याला आर्थिकदृष्ट्या डबघाईला आलेल्या शहरांच्या यादीत टाकले होते. १९९६ मध्ये फोर्ट ट्रम्बुल भागातले नौदलाचे संशोधन केंद्र बंद पडले आणि दीड हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. १९९८ पर्यंत लोकसंख्या २४ हजारांच्या खाली आली. १९२० नंतरचा तो नीचांक होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत फायझर या औषध कंपनीने शेजारीच ३० कोटी डॉलरचे संशोधन केंद्र उभारण्याचे जाहीर केले, तेव्हा शहराला हायसे वाटले असल्यास नवल नाही. कंपनीलगतच्या ९० एकरांवर हॉटेल, दुकाने, कार्यालये, ८० नवी घरे आणि नौकाविहाराची सोय असा आराखडा तयार झाला. हजारावर नोकऱ्या आणि करांचे वाढीव उत्पन्न हा त्याचा मुख्य आधार होता. आराखडा राबवण्याचे काम आणि शहराच्या वतीने सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार ‘न्यू लंडन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ या ना-नफा खासगी संस्थेकडे सोपवण्यात आला. ज्यांना लोकांनी निवडून दिलेले नाही त्यांच्या हाती एवढा अधिकार कशासाठी, ही तक्रार गावात पुढे कायम राहिली.

या पट्ट्यात ११५ खासगी मिळकती होत्या. बहुतेक मालकांनी वाटाघाटी करून जागा विकल्या; नऊ जण अडून बसले. त्यांच्याकडे १५ घरे होती. सुझेट केलो यांनी १९९७ मध्ये घेतलेले, नदीचे पाणी दिसणारे छोटे गुलाबी घर पुढे या लढ्याची खूणच बनले. एक वृद्धा १९१८ साली ज्या घरात जन्मली, तिथेच अजून राहत होती. यातले एकही घर मोडकळीला आले आहे असा शहराचाही दावा नव्हता. ती केवळ आराखड्याच्या रेषेत आली होती. त्यापैकी ११ घरे ज्या तुकड्यात होती, तिथे नेमके काय होणार हेही नक्की नव्हते. वाहनतळ किंवा शेजारच्या उद्यानासाठी पूरक सोयी, असे मोघम उत्तर दिले जाई. त्याच परिसरातला, राजकारण्यांची ऊठबस असलेला ‘इटालियन ड्रमॅटिक क्लब’ मात्र वगळला गेला. रेषा हलवता येत होत्या, एवढे तरी त्यावरून स्पष्ट होते.

नोव्हेंबर २००० मध्ये संपादनाची कारवाई सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात मालक न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने त्या मोघम तुकड्यातली ११ घरे वाचवली, बाकीची नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी सगळेच संपादन वैध ठरवले.

अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार खासगी मालमत्ता सार्वजनिक वापरासाठीच, आणि योग्य मोबदला देऊनच घेता येते. पण रस्ता वा शाळा न बांधता जमीन दुसऱ्या खासगी विकासकाला दिली, तर तो सार्वजनिक वापर कसा? या प्रकरणात तर विकासकाला वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांच्या पट्ट्यावर जमीन देण्याची बोलणी चालू होती. बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी १९५४ च्या ‘बर्मन’ (बकाल वस्ती हटवण्यासाठीचे संपादन) आणि १९८४ च्या ‘मिडकिफ’ (मोजक्या जमीनदारांची जमीन भाडेकरूंना देण्यासाठीचे संपादन) या, संपादन वैध ठरवणाऱ्या निकालांचा आधार घेतला. शहराने विचारपूर्वक आखलेल्या योजनेतून आर्थिक विकास साधणे हेही सार्वजनिक प्रयोजनच आहे आणि त्या योजनेच्या यशाची खातरजमा करणे न्यायालयाचे काम नाही, असे त्यांनी म्हटले. न्यायमूर्ती ओकॉनर यांचा विरोध असा, की मग प्रत्येकच घर त्याहून किफायतशीर कशासाठी तरी घेता येईल. न्यायमूर्ती थॉमस यांनी वेगळ्या मतपत्रात याचा फटका गरिबांना बसेल, असे बजावले. निकालावर झालेला गहजब पाहता तो अगदी नवा वाटतो, पण जुन्या निकालांच्या ओघातच तो आला होता. नवे होते ते इतकेच, की या वेळी बकाल वस्तीसारखे कारणही पुढे केलेले नव्हते.

आराखडा प्रत्यक्षात आलाच नाही. गुलाबी घर उचलून शहरात दुसरीकडे उभारण्यात आले. विकासकाला पैसा उभा करता आला नाही, घरे पाडलेली जागा वर्षानुवर्षे ओस पडून राहिली आणि २००९ मध्ये फायझरनेही न्यू लंडन सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

दरम्यान, ४० हून अधिक राज्यांनी केवळ आर्थिक विकासासाठीच्या संपादनावर कमीअधिक बंधने आणणारे कायदे केले. त्यातल्या अनेकांत वस्ती ‘बकाल’ ठरवली की संपादन करता येईल, अशी वाट मोकळी ठेवलेली आहे आणि ‘बकाल’ची व्याख्याही बरीच सैल आहे. असा कायदा न करणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातही हेच कारण चालले. तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००९ मध्ये ते ग्राह्य धरून ब्रुकलिनमधील क्रीडागार आणि निवासी प्रकल्पासाठीच्या संपादनाला मान्यता दिली.