बालवेठबिगारी

बालवेठबिगारी म्हणजे आईबापाने घेतलेल्या उचलीपोटी लहान मुलाला मालकाकडे राबायला लागणं, आणि ती रक्कम फिटेपर्यंत तिथून निघता न येणं. ती रक्कम बहुतेक वेळा फिटतच नाही. मानवी तस्करीचा हा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी दिसणारा आहे, कारण यात मूल पळवून नेलेलं नसतं, ते घरच्यांच्या डोळ्यादेखत गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि सोबतच्या संस्थांनी 2022 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात 4 कोटी 96 लाख लोक आधुनिक गुलामीत आहेत, त्यातले 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत, आणि या मजुरीतली मुलं 33 लाखांच्या आसपास. पण हे आकडे वाचून काही कळत नाही, ते आपल्याच ठाणे-पालघर-रायगड-नाशिक पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर गेल्यावर कळतं.

कातकरी ही महाराष्ट्रातली अतिअसुरक्षित आदिवासी जमात. पूर्वी खैरापासून कात काढायचे म्हणून कातकरी, पुढे जंगल हातातून गेलं, जमीन तर बहुतेकांच्या नावावर नव्हतीच, मग उरली फक्त मजुरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी पडतं, लग्न निघतं, तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पैसे देतो, त्याला बयाणा म्हणतात. दिवाळीनंतर आख्खं कुटुंब भट्टीवर जातं आणि पाऊस सुरू होईपर्यंत तिथेच राहतं. आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे बाजारापुरते पैसे, ते पण हिशेबात धरले जातात. मजुरी हजार विटांवर ठरलेली असते आणि वही मालकाकडे असते, सिझन संपल्यावर हिशेब होतो, तेव्हा बहुतेकांकडे बाकीच निघते आणि ती बाकी पुढच्या वर्षीचा बयाणा म्हणून चालू राहते.

यात मूल कुठे असतं? वहीत कुठेच नसतं. बयाणा नवराबायकोच्या जोडीला दिलेला असतो, पण थापलेल्या ओल्या विटा उन्हात उलटायच्या, सुकलेल्या रचायच्या, धाकट्या भावंडाला सांभाळायचं हे सगळं सहा-सात वर्षांपासूनची पोरं करतात, आणि ती केली नाही तर आईबापाच्या हजार विटा वेळेत होत नाहीत. म्हणजे पोराच्या कामाशिवाय कर्ज फिटत नाही आणि पोराच्या नावावर एक रुपया पण लागत नाही. राहायला भोंगा असतो, कच्च्या विटा एकावर एक रचून वर पेंढा टाकलेली खोपटी, ज्यात मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही. विधायक संसद ही सामाजिक संस्था आणि आदिवासी मजुरांमध्ये काम करणारी श्रमजीवी संघटना यांनी वसई-भिवंडी भागात याच भट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांपर्यंत न्यायची, असा साधा विचार होता तो.

दुसरा प्रकार जास्त भयानक आहे कारण त्यात मूल एकटंच जातं. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एका कातकरी वस्तीवरची साधारण दहा वर्षांची मुलगी ऑगस्टअखेर बेशुद्ध अवस्थेत घराबाहेर टाकून दिलेली सापडली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दवाखान्यात वारली. तिला मेंढ्या राखायला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नेलं होतं. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं आणि मग लक्षात आलं की ती एकटी नव्हती, आजूबाजूच्या वाड्यांवरची बरीच मुलं अशीच दिलेली होती, काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्यावर. सुटून आलेल्या मुलांनी सांगितलं ते असं की पहाटे अंधारात उठवायचे, मेंढ्यांचा वाडा झाडायचा, कोकरं सांभाळायची, दिवसभर कळपामागे फिरायचं, चुकलं की मार. मेंढपाळ सारखे फिरत असल्यामुळे आज मूल नेमकं कुठे आहे हे आईबापाला पण माहीत नसायचं. इथे एक सांगायलाच पाहिजे, या बातम्या आल्या की लोक लगेच "आईबापानेच विकलं" म्हणून मोकळे होतात, पण ज्या घरात रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, रोजगार हमीचं काम मिळत नाही, तिथे "पोरगं निदान पोटभर जेवेल" असं सांगत माणूस दारात येतो तेव्हा त्या आईला पर्याय कोणी दिला होता हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वीच बंद झालेली आहे. संविधानाच्या कलम 23 मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठ दोन्हीला मनाई आहे. ठाणे जिल्ह्यात तर त्याच्याही आधी, 1945 मध्ये, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडून काढली होती, लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे आयुष्यभर बायकोसकट राबणारा माणूस. मग 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आला. तो म्हणतो की वेठबिगारीचं कर्ज आपोआप रद्द, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. 1982 मध्ये एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या, बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरीच असं सांगितलं. एवढं सगळं असून शिक्षा मात्र जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड दोन हजार रुपये, 1976 मध्ये लिहिलेला आकडा तसाच आहे.

म्हणून पोलीस एफआयआरमध्ये कुठलं कलम लावतात यावर खूप काही ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे (आधी हे भारतीय दंड संहितेचं 370 होतं) मुलाची तस्करी केली तर कमीत कमी दहा वर्षं शिक्षा आहे. मुलावर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन राजी करणं हा तस्करीचाच एक मार्ग म्हणून त्या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे आईबाप हो म्हणाले हा बचाव होऊच शकत नाही. शिवाय आदिवासी मूल असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा पण लागतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा नुसती बालमजुरीची केस होते, मालक दंड भरतो, मूल घरी पोचवलं जातं, विषय संपला.

मूल सोडवणं म्हणजे सुटका नाही. तहसीलदार किंवा प्रांताकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळालं तरच कर्ज रद्द झाल्याचा कागद हातात येतो आणि केंद्राच्या पुनर्वसन योजनेचा लाभ मिळतो, त्यात तातडीची मदत तीस हजारांपर्यंत, पुढे मुलांसाठी आणि बायकांसाठी दोन लाख, लैंगिक शोषणासारख्या गंभीर केसमध्ये तीन लाख. पण मोठी रक्कम मालकावरच्या खटल्याच्या निकालाला जोडलेली, आणि निकाल कधी लागणार? तोपर्यंत पुढची दिवाळी येते, बयाणा घेऊन मुकादम परत वाडीवर आलेला असतो. जिल्ह्यात आणि प्रांताच्या प्रत्येक उपविभागात दक्षता समित्या असायलाच पाहिजेत असं 1976 च्या कायद्यात आहे, त्यांनी पावसाळ्यातच वाड्यांवर जाऊन कोणाला उचल मिळाली आहे हे विचारलं तर भट्टीला ट्रक निघायच्या आधीच मुलं थांबवता येतात. कुठे असं मूल काम करताना दिसलं तर 1098 वर कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. तक्रार करताना मुलाला किंवा घरच्यांना उचल मिळाली होती का आणि ते काम सोडून जाऊ शकतात का, या दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात, बालमजुरीची केस वेठबिगारीची होते ती त्यावरूनच.