भूगर्भाचा वेध

पृथ्वीच्या पोटात काय आहे आणि ते तसे कसे घडले, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रीय पद्धती. या अभ्यासाची मूळ अडचण अशी की तिथे जाता येत नाही. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. रशियातील कोला द्वीपकल्पावर १९७० पासून पाडत नेलेले छिद्र १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोचले. तिथे सुमारे १८०° से. तापमान लागले, आणि काम पुढे सरकेना. केंद्रापर्यंतच्या वाटेचा हा पाचशेवा भागही नव्हे.

पहिला धागा मिळाला तो वजनाचा. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकांचे छोटे गोळे शिशाच्या मोठ्या गोळ्यांकडे किती ओढले जातात हे मोजले आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट भरली. पृष्ठभागावरचे खडक मात्र पाण्याच्या २.७ ते ३ पट जड असतात. तेव्हा आत काहीतरी फार जड दडलेले असणार. आकाशातून पडणाऱ्या लोखंडी अशनींमुळे ते लोह असावे या तर्काला बळ मिळाले.

सर्वांत मोलाचा पुरावा भूकंपलहरींचा. भूकंप झाला की खडकांतून दाब-प्रसरणाचे प्राथमिक तरंग पुढे धावतात आणि आडवे हेलकावणारे दुय्यम तरंग मागून येतात. दुय्यम तरंग द्रवातून जातच नाहीत. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरवरच्या नोंदींत रिचर्ड ओल्डहॅम यांनी हे दोन्ही तरंग वेगळे ओळखले. पुढे १९०६ मध्ये, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, यावरून त्यांनी गाभ्याचे अस्तित्व मांडले. १९०९ मध्ये आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना कवच (सर्वांत वरचा पातळ थर) आणि प्रावरण (त्याखालचा, गाभ्यापर्यंतचा जाड खडकाळ थर) यांच्यामधली सीमा सापडली. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभा २,९०० किमी खोलीवर सुरू होतो असे ठरवले. आजचा आकडा सुमारे २,८९० किमी आहे. त्या काळच्या साधनांनी इतका नेमका आकडा काढणे विलक्षणच. गाभा द्रव असल्याचे १९२६ मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनी दाखवले. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वी किती लवते हे पाहता ती एकूणात प्रावरणापेक्षा बरीच कमी ताठर निघाली, म्हणजे आतला गाभा द्रव असला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत याचे सगळे श्रेय बहुधा दुय्यम तरंगांना दिले जाते, ते अपुरे आहे.

भूकंपकेंद्रापासून साधारण १०४° ते १४०° अंतरावरच्या (हे अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात) पट्ट्याला छायाप्रदेश म्हणतात. गाभ्यात शिरताना प्राथमिक तरंग वळत असल्याने तिथे त्यांची नोंद होऊ नये. तरीही १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या आलेखांवर डेन्मार्कच्या इंगे लेमान यांना तिथे क्षीण खुणा दिसल्या. संगणक नव्हते, तरंग कुठे केव्हा पोचले याच्या वेळा पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून ती कार्डे त्या ओट्स या धान्याच्या खोक्यांत लावून ठेवत. इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या त्या खुणांवरून १९३६ मध्ये त्यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे सांगितले. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किमी मानतात आणि तो घन आहे.

केंद्राशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट असतो. प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये अतिसूक्ष्म नमुना चेपून, लेसरने तापवून तशी स्थिती आणता येते.

इतिहास मात्र किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या घड्याळांवरून, म्हणजे ठरावीक वेगाने त्यांचे दुसऱ्या मूलद्रव्यांत रूपांतर होते त्यावरून, कळतो. हॅफ्नियम-१८२ सुमारे ९० लाख वर्षांत निम्मे उरते आणि त्याचे टंगस्टन-१८२ होते. हॅफ्नियम खडकातच राहते, टंगस्टन वितळलेल्या लोहाबरोबर खाली जाते. प्रावरणाच्या खडकांत टंगस्टन-१८२ चे प्रमाण आदिम अशनींपेक्षा किंचित जास्त आढळते. म्हणजे लोह खाली उतरले तेव्हा हॅफ्नियम-१८२ अजून संपलेले नव्हते. त्यापासून नंतर झालेले टंगस्टन वरच राहून गेले. यावरून गाभ्याचा बराचसा भाग सूर्यमालेच्या जन्मानंतर काही कोटी वर्षांतच तयार झाला, असे निघते. आतला घन गाभा कितीतरी नंतर गोठू लागला. त्याचे वय प्राचीन खडकांत टिकून राहिलेल्या चुंबकत्वावरून आणि गाभा थंड होण्याच्या गणितावरून काढतात, आणि अंदाज सुमारे ५० कोटी वर्षांपासून १०० कोटींच्याही पुढे जातात.