कुझगुंजुक

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, उस्कुदार भागात, बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावरचा जुना मोहल्ला. तुर्कीत वस्तीला ‘महाल्ले’ म्हणतात. आपला ‘मोहल्ला’ त्याच अरबी मुळातून आलेला. ‘कुझगुन’ म्हणजे डोमकावळा, पण वस्तीचे नाव कुझगुन बाबा नावाच्या संतावरून पडले, असे सांगतात.

1492 मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंना उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याने आसरा दिला. त्यांतली काही कुटुंबे पुढे इथे स्थिरावली. नंतर ग्रीक आणि आर्मेनियन आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वस्तीत मुसलमान थोडेच होते. आर्मेनियन चर्च 1835 चे, बेत याकोव सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, 1878 चे. मुख्य मशीद मात्र 1952 ची आणि ती त्या चर्चला अगदी लागून उभी आहे. मशिदीचा मिनार आणि चर्चचा घुमट एकाच नजरेत मावतात. हे दृश्य सलोख्याचे प्रतीक म्हणून सगळीकडे छापले जाते.

चित्र खरे आहे, पण अपुरे. 1942 च्या ‘वार्लिक’ या संपत्ती कराने बिगरमुस्लिमांवर कित्येक पट जास्त आकारणी केली. ज्यांना तो भरता आला नाही, त्यांतल्या अनेकांना पूर्व तुर्कस्तानातल्या आश्कालेच्या श्रमछावणीत धाडले. 1948 नंतर पुष्कळ ज्यू इस्राएलला गेले. 6 आणि 7 सप्टेंबर 1955 रोजी इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकाने, घरे आणि चर्च फोडली गेली आणि 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना देश सोडावा लागला. रिकाम्या घरांत काळ्या समुद्राकडून आलेली कुटुंबे राहू लागली. प्रार्थनास्थळे उरली, त्यांत जाणारे मोजकेच राहिले. कुझगुंजुकविषयी लिहिताना ही गोष्ट गाळणे म्हणजे त्या माणसांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढणे आहे.

1970 च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आणि कवी जेंगिझ बेक्ताश इथे राहायला आले. जुनी घरे पाडण्याऐवजी दुरुस्त करण्याचा धडा त्यांनी घालून दिला. ही घरे अरुंद, दोन-तीन मजली, भिंतीला भिंत लागलेली. वरच्या मजल्याची ‘जुंबा’, म्हणजे बंदिस्त सज्जा, रस्त्यावर पुढे झुकलेली असते. तिथे बसून पूर्ण गल्ली दिसते. मागोमाग चित्रकार, लेखक आले, दूरदर्शन मालिकांची चित्रीकरणे झाली. ‘पेरिहान आब्ला’ या मालिकेचे नाव तर एका गल्लीलाच मिळाले. घरांच्या किमतीही चढत गेल्या.

इजादिये या मुख्य रस्त्यालगत ‘बोस्तान’, म्हणजे भाजीचा मळा आहे. एका ग्रीक माळ्यावरून त्याला इल्याचा बोस्तान म्हणत. त्यावर इमारती बांधण्याचे बेत अनेकदा आले आणि रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढून ते परतवले. आता उस्कुदार नगरपालिकेने तिथे वाफे आखून दिले आहेत. सोडत काढून ते रहिवाशांना मिळतात आणि चढाच्या गल्ल्यांमधल्या घरांखाली टोमॅटो, मिरच्या पिकतात.