अनुशेष (महाराष्ट्रातील प्रादेशिक विकासाचा)

अनुशेष : रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एखाद्या क्षेत्रात जिल्हा ठरावीक पातळीपेक्षा जितका मागे असेल ती तूट, आणि ती भरून काढायला लागणारी रक्कम. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात आणि राजकारणात ही संज्ञा चार दशकांहून अधिक काळ वापरात आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील निधिवाटपाचा जवळजवळ प्रत्येक वाद अखेर याच हिशेबापाशी येतो. हिशेब वरवर सोपा वाटतो. तूट कुठल्या पातळीपासून आणि कुठल्या तारखेला मोजायची हे ठरवताना मात्र तो राजकीय होतो.

पार्श्वभूमी : मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेला विदर्भ, निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा आणि जुन्या मुंबई इलाख्याचा मराठी मुलूख असे तीन वेगवेगळ्या राजवटींतले प्रदेश जोडून राज्य उभे राहिले. एकत्र येताना पैशाचे काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विकासखर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावे, असे ठरले. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हे त्या कराराचे सर्वांत ठळकपणे पाळले गेलेले कलम. पैशाच्या कलमाबाबत तसे म्हणता येत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार राष्ट्रपती आदेश काढून विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची आणि विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवू शकतात. तरतुदीत ‘संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन’ अशा आशयाची अट आहे. पुढे ज्याला हात आखडता घ्यायचा होता, त्याला ती नेहमी उपयोगी पडली. तरतूद १९५६ पासून संविधानात आहे. प्रत्यक्षात मंडळे येईपर्यंत १९९४ उजाडले.

दांडेकर समिती : प्रादेशिक असमतोलाच्या तक्रारींचा आकडा काढण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीने राज्याची सरासरी ही मोजपट्टी धरली आणि सरासरीखालच्या प्रत्येक जिल्ह्याची तूट क्षेत्रवार काढली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा २४ टक्क्यांच्या जवळपास आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता.

हा शेवटचा आकडा पाहून अनेकजण चक्रावतात. पुणे, कोल्हापूर, सांगली ज्या भागात आहेत, त्याचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त कसा? कारण मोजणीचे एकक प्रदेश नसून जिल्हा होता. एका जिल्ह्याची आघाडी दुसऱ्याच्या तुटीतून वजा होत नाही. शिवाय ‘उर्वरित महाराष्ट्र’ या नावाखाली कोकण आणि खानदेशही येतात. कोकणाला स्वतंत्र मंडळ हवे, ही मागणी त्यातूनच पुढे आली. जिल्हा हे एकक धरल्याचा दुसरा तोटा जिल्ह्याच्या आत होतो. सांगलीच्या सरासरीत कृष्णाकाठचा ऊस आणि जतचा दुष्काळ एकत्र मिसळतात. साताऱ्यात माण-खटावचे तेच होते.

मोजणीची रीत एका कल्पित जिल्ह्यावरून पाहता येईल. समजा, राज्यात पेरणीखालच्या दर शंभर हेक्टरांपैकी सरासरी २० हेक्टर सिंचनाखाली आहेत, तर या जिल्ह्यात फक्त १२. जिल्ह्याचे पेरणीक्षेत्र ५ लाख हेक्टर असेल तर आठ टक्क्यांची तूट म्हणजे ४० हजार हेक्टर. हा झाला भौतिक अनुशेष. त्याला हेक्टरी खर्चाने गुणले की आर्थिक अनुशेष निघतो. ऊस, भात आणि रब्बी ज्वारी यांना लागणारे पाणी सारखे नसल्याने सिंचनक्षेत्र आधी ‘रब्बी समतुल्य’ हेक्टरांत, म्हणजे रब्बी पिकाला लागणाऱ्या पाण्याच्या मापात, बदलून घेतात. भौतिक आणि आर्थिक हा भेद नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. पैसा खर्च झाला की आर्थिक अनुशेष कमी होतो. शेतात पाणी पोचले तरच भौतिक अनुशेष कमी होतो.

मंडळे आणि राज्यपालांचे निर्देश : विधिमंडळाने १९८४ मध्येच मंडळांची मागणी करणारा ठराव केला होता. मार्च १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळात १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून नवी मोजणी केली. आकडा १४ हजार कोटींवर गेला आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या सिंचनाचा होता. दहा वर्षांत अनुशेष चौपटीहून अधिक वाढला तो सगळाच दुर्लक्षामुळे, असे मात्र नाही. महागाई होती, मापदंड बदलले होते आणि पुढारलेले जिल्हे पुढे गेल्यावर सरासरीही वर सरकली होती.

२००१ पासून राज्यपाल वार्षिक योजनेच्या आधी शासनाला लेखी निर्देश देऊ लागले : कोणत्या प्रदेशाला किती नियतव्यय (ठरवून दिलेली खर्चाची रक्कम), त्यातला अनुशेषासाठी किती, आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही. यापूर्वी तरतूद विदर्भाच्या लेखाशीर्षाखाली दिसे आणि वर्षअखेरीस पुनर्विनियोजनाच्या (निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या) आदेशाने भलतीकडेच जाई. निर्देशांनी ही वाट बरीचशी बंद केली. पण समन्यायी वाटपाचे सूत्र लागू होते ते योजनाखर्चाच्या ‘विभाज्य’, म्हणजे प्रदेशांत वाटता येणाऱ्या, भागालाच. वेतन, निवृत्तिवेतन, कर्जावरचे व्याज आणि ‘अविभाज्य’ ठरवलेल्या योजना त्याबाहेर राहिल्या. राज्याच्या तिजोरीतून जाणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा या मोजणीत कधी आलाच नाही.

अर्थसंकल्पाबाहेरचा पैसा : याचे सर्वांत बोलके उदाहरण कृष्णा खोऱ्याचे. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असे सांगितले. तोपर्यंत पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, ही धास्ती खरी होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून राज्याच्या हमीवर रोखे विक्रीस काढले गेले. हा पैसा वार्षिक योजनेत नसल्याने प्रादेशिक वाटपाच्या सूत्रात बसत नव्हता. व्याज आणि परतफेडीचा भार मात्र अखेर अवघ्या राज्याच्या तिजोरीवरच येणार होता. विदर्भ, तापी आणि कोकणासाठी १९९७ मध्ये, तर गोदावरी-मराठवाड्यासाठी १९९८ मध्ये महामंडळे निघाली, पण कर्जउभारणीची पहिली आणि मोठी लाट कृष्णेकडे वळून गेली होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या तक्रारींत हा मुद्दा सर्वाधिक वजनाचा आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

खर्च आणि काम : निधी मिळाला म्हणजे अनुशेष संपला असेही नाही. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष पैसा उपलब्ध होऊनही वर्षानुवर्षे रेंगाळला. भूसंपादन, वनजमिनीची परवानगी, पुनर्वसन, अभियंत्यांची रिक्त पदे अशी कारणे दरवर्षीच्या अहवालात जवळपास त्याच शब्दांत येत राहिली. वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प या बाबतीत पाहण्याजोगा आहे. मूळ मान्यता ३७२ कोटी रुपयांची. एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. २००८ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. आणि एकामागून एक ‘सुप्रमा’ (सुधारित प्रशासकीय मान्यता) मिळत किंमत १८ हजार कोटींच्या पुढे. धरणात पाणी अडले तरी वितरिका आणि पाटचाऱ्या मागे राहिल्या. अशा प्रकल्पावर झालेला प्रत्येक रुपया आर्थिक अनुशेषाच्या रकान्यात वजा होतो, शेतकऱ्याच्या बांधावर पाणी असो वा नसो.

केळकर समिती : समतोल प्रादेशिक विकासाचा नव्याने विचार करण्यासाठी २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये सादर झाला, पण विधिमंडळापुढे यायला डिसेंबर २०१४ उजाडला. समितीने तुटीची जुनी बेरीज बाजूला ठेवून पाण्याला अग्रक्रम दिला आणि प्रदेशांच्या विकासाकडे अधिक व्यापक नजरेने पाहिले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते. विदर्भ-मराठवाड्यात मात्र त्याचे स्वागत थंडेच झाले : जुना अनुशेष भरण्याआधीच मोजपट्टी बदलली, अशी टीका झाली. ती निराधार म्हणता येत नाही.

सद्यःस्थिती : मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. शेवटची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनासाठी केंद्राला विनंती करण्याचा निर्णय घेतला. दरम्यान योजना आणि योजनेतर हा भेदही रद्द होऊन राज्याच्या अर्थसंकल्पात ‘अनिवार्य’ आणि ‘कार्यक्रम’ खर्च अशी विभागणी आली. त्यामुळे योजनाखर्चावर बेतलेले जुने वाटपसूत्र नव्या रकान्यांना लावायचे तर त्याची मांडणी नव्याने करावी लागते.