कोड कोण सांभाळणार?

सॉफ्टवेअरमधले निर्णय निव्वळ तर्कावर होतात, असं बाहेरून वाटतं. पण ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा प्रकल्पांत अनेक जण स्वखुशीने, बिनपगारी राबत असतात. तिथे साहेब नाही, म्हणून हुकूमही नाही. कल्पना कितीही उत्तम असो, ती पुढे वर्षानुवर्षं निस्तरायला कुणी तयार नसेल तर बारगळते. उलट एखादा जेमतेम पर्यायही टिकून राहतो, कारण त्याच्यामागे एक चिवट माणूस उभा असतो.

नवा कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. तो बारकाईने वाचून होकार-नकार देणारे मेंटेनर मात्र मोजकेच, आणि सगळं अडतं ते तिथे. लिहिलेला कोड संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या जीसीसी या कंपायलरमध्ये सुधारणा आत घेतल्या जाईनात, तेव्हा १९९७ मध्ये काही प्रोग्रामरांनी कोडची प्रत घेऊन ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली. हा प्रकल्प इतका जोमाने वाढला की १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २०१८ साली ‘:=’ या नव्या चिन्हावरून रण माजलं. चिन्ह मंजूर झालं, पण त्या वादाने उबगलेल्या गिदो व्हान रॉसम या पायथनच्या जनकाने अंतिम शब्दाचा आपला अधिकारच सोडला. पुढच्या वर्षी पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कारभार पाहू लागलं.

ही माणसांची बाजू किती जिवावर बेतू शकते, हे ‘एक्सझेड’ने दाखवलं. फायली आकसून लहान करणारं हे साधन असंख्य लिनक्स प्रणालींत असतं, आणि ते सांभाळत होता मुख्यतः एकच स्वयंसेवक. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी त्यात नीटनेटक्या दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी मेंटेनरमागे तगादा लावला: कामं रखडतात, दुसऱ्याच्या हाती द्या. हे बिनपगारी, छंदाचं काम आहे, असं त्याने सांगून पाहिलं. हळूहळू जिया टॅनकडे अधिकार आले. फेब्रुवारी २०२४ मधल्या ५.६.० आवृत्तीत संगणकात गुपचूप शिरण्याची चोरवाट होती. तिचे तुकडे चाचणीसाठीच्या फायलींत दडवले होते, आणि त्यांना जागं करणारी ओळ फक्त प्रकाशित गठ्ठ्यात होती, सर्वांना दिसणाऱ्या कोड-भांडारात नव्हती.

अँड्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होते. दूरच्या संगणकात शिरण्यासाठीच्या एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्यांनी माग काढला, तो ‘एक्सझेड’पाशी पोचला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं जाहीर केलं. तोवर ही आवृत्ती मुख्यतः लिनक्सच्या अजून चाचणीत असलेल्या संचांपर्यंतच पोचली होती.

या घटनेची चर्चा झाली ती बहुतेक फायलींतल्या चलाखीवर. मला मात्र २०२२ मधला तो तगादा जास्त महत्त्वाचा वाटतो. हल्लेखोराने आधी कोडमधली फट शोधली नाही; एकट्याने भार वाहणारा माणूस शोधला. त्याच्या मदतीला खरोखरची चार माणसं असती, तर अनोळखी मदतनीसाच्या हाती किल्ल्या देण्याची घाई कुणी करू शकलं नसतं.

चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती मे २०२४ च्या अखेरीस आली. दरम्यानच्या सगळ्या बदलांची छाननी करून ती काढली त्याच मूळ मेंटेनरने.