ग्रीन डे आणि 'सेलआऊट'चं भिजत घोंगडं

८ मार्च २०२५ ला ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड पहिल्यांदाच भारतात वाजवून गेला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, आणि लगेच आमच्या ग्रुपवर एकाने पिन मारली की हे तर कधीचेच सेलआऊट, म्हणजे पैशापायी विकले गेलेले. म्हणून थोडं मागचं लिहितोय. त्यांचं 'बास्केट केस' हे गाणं सगळ्यांनी ऐकलंय असं धरून चालतो.

सुरुवात पटकन सांगतो. कॅलिफोर्नियातल्या ईस्ट बे भागातले दोन शाळासोबती, १९८७ च्या आसपास बँड, १९८९ मध्ये आत्ताचं नाव, एका छोट्या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून) दोन अल्बम. टूर करायचे ते जुन्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून, आणि स्टिअरिंगवर कोण, तर ड्रमरचे वडील!

यांचं माहेर म्हणजे बर्कलीतलं ९२४ गिलमन. स्वयंसेवकांनी चालवलेली जागा, नियम कडक. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला बँड तर नाहीच नाही. घोळ इथेच झाला. दुसरा अल्बम अमेरिकेत ५० हजारांवर खपला, मोठ्या कंपन्या मागे लागल्या, १९९३ मध्ये पोरांनी सही केली आणि गिलमनचं दार बंद झालं.

आता हा 'सेलआऊट' शब्द. शो सोल्ड आऊट झाला की कौतुक, बँड सेलआऊट झाला की शिवी, हीच मुळात गंमत. आपल्याकडे 'विकला गेला' म्हटलं की खोकी घेऊन पक्ष बदललेला माणूस डोळ्यासमोर येतो, पण गिलमनवाल्यांचा मुद्दा तो नव्हता, गाणी बदलली असंही त्यांना म्हणायचं नव्हतं. तुमच्या अल्बमचा पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो, एवढाच प्रश्न. तत्त्व म्हणून मला ते मान्यच आहे. पण नंतर लोकांनी हा शब्द 'आवाज गुळगुळीत झाला' या अर्थाने वापरला तिथे माझं डोकं फिरतं, कारण मोठ्या कंपनीकडचा पहिला अल्बम 'डूकी' रेकॉर्ड झाला त्याच बर्कलीत, तीनेक आठवड्यांत, आणि त्यात तोच वेग, तेच तीन-चार कॉर्ड. फेब्रुवारी १९९४ ला आला, ऑगस्टमध्ये वुडस्टॉक या संगीत महोत्सवात प्रेक्षकांशी खरोखरची चिखलफेक झाली, बेसिस्टला प्रेक्षक समजून सिक्युरिटीवाल्याने आडवा पाडला, त्यात दात तुटले. पुढे एकट्या अमेरिकेत कोटीच्या वर खप.

गिलमनचा सल मात्र गेला नाही. १९९५ च्या अल्बममध्ये '८६' नावाचं गाणंच आहे, तिकडच्या बारमध्ये गिऱ्हाइकाला हाकलणं याला तोच आकडा वापरतात.

मधली वर्षं सोडतो. २००३ मध्ये तयार अल्बमच्या टेप्स चोरीला गेल्या असं बँड सांगतो, आणि त्यानंतर नव्याने लिहायला बसले त्यातून २००४ चा 'अमेरिकन इडियट' आला, इराक युद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर. आमच्या वयाच्या बऱ्याच जणांना बँड कळला तो इथूनच. २०१० मध्ये त्याचं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकही झालं.

२०१५ मध्ये गिलमनला परत वाजवले, ओकलंडमधल्या आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनाच्या मदतीसाठी. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण एक गोष्ट भांडणात कोणी काढत नाही. ज्या छोट्या लेबलला सोडलं म्हणून एवढा राडा झाला, त्यांनी रॉयल्टी थकवली म्हणून २००५ मध्ये बँडने सुरुवातीचे अल्बम त्यांच्याकडून काढून घेतले. २०१२ मध्ये ते लेबल बंद पडलं.