जिन: भट्टीतून काय वर येतं, काय मागे राहतं

जिनच्या बाटलीवर हल्ली कोकम, तिरफळ, काळी मिरी अशी नावं दिसतात. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला ही नावं घरचीच. यातलं भट्टीत काय घालावं, हे मात्र स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ठरत नाही.

जिनचं मूळ डच येनेव्हर. धान्याच्या मद्यात ज्युनिपर घालून ती काढत. ज्युनिपरची ही 'फळं' म्हणजे खरं तर सूचिपर्णी झुडपाचे मांसल शंकू. हिमालयातल्या जातीला आयुर्वेदात हपुषा म्हणतात. याच डचांची १७व्या शतकात वेंगुर्ल्याला वखार होती आणि मिरी-दालचिनीचा मोठा व्यापार त्यांच्या हाती होता. १६८९ मध्ये डच विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला आणि पुढे लंडनमध्ये जिन इतकी बोकाळली की १७३६ आणि १७५१ मध्ये कायदे करावे लागले. तेव्हाचं मद्य ओबडधोबड, म्हणून जिन गोड करून विकत. १८३० मध्ये आयनियस कॉफीने (अबकारी खात्यातलाच माजी अधिकारी!) अखंड चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं. मद्यार्क स्वच्छ, जवळपास बिनवासाचा मिळू लागला आणि पुढे बिनसाखरेची ड्राय जिन रुळली. चिकोडी-अथणी पट्ट्यात उसाच्या मळीपासून निघणारा ईएनए (दारू बनवायला वापरतात तो शुद्ध, बिनवासाचा मद्यार्क) सुद्धा स्तंभ-भट्टीचाच.

या मद्यार्कात पाणी घालून तो ५० टक्क्यांवर आणतात. मग लिटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम ज्युनिपर, त्याच्या निम्मे धणे, एक-दोन ग्रॅम अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचं मूळ आणि तेवढीच वाळलेली लिंबूसाल घालून रात्रभर भिजवतात. सालीचा पांढरा भाग आधीच खरवडून टाकतात. मग हे सगळं भट्टीत उकळून, वर चढणारी वाफ थंड करून जिन धरतात.

इथल्या जिनसांची गंमत पुढे आहे. तिरफळाची काळी बी कडू, ती काढून फक्त टरफल घेतात. लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो. माशाच्या आमटीत जीभ बधिर करणारं द्रव्य वाफेबरोबर चढत नाही, वर येतो तो फक्त लिंबासारखा वास. मिरीचा तिखटपणाही भांड्यातच राहतो. आमसुलाचं तर आंबटपण आणि रंग दोन्ही मागे राहतात, म्हणून ते भट्टीत घालणं वाया. तयार जिनमध्ये भिजवून गाळून घ्यावं लागतं.

'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, असं आपल्याकडे म्हणतात. जिनवाले मात्र पहिली थोडी धार बाजूला काढतात. लगेच मागून लिंबूवर्गी वास येतो, मग ज्युनिपर आणि धणे, सर्वांत शेवटी मुळं. उकडलेल्या पाल्यासारखा वास आला की धार तोडायची. लोभाने पुढे चालवली की सगळी बॅच मातकट होते.

दुसरा घोळ पाणी घालताना होतो. भारतीय बाटल्यांवर दिसणारे ४२.८ टक्के म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचं ७५ प्रूफ. तिथवर उतरवताना जिन कधी कधी दुधाळ होते, कारण पातळ मद्यार्कात साली-ज्युनिपरचं तेल विरघळून राहत नाही. पुढच्या खेपेला साल कमी करतात. हातातल्या खेपेत थोडा मद्यार्क वाढवतात किंवा थंड करून गाळतात, पण गाळताना वासही थोडा जातो.

चोर्ला घाट उतरून गोव्यात २०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' आणि पुढच्या वर्षी 'स्ट्रेंजर अँड सन्स' निघाली, तेव्हापासून या जिनसांची विचारणा वाढली. घरी भट्टी लावणं मात्र गुन्हाच. उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय लहानसं भांडंही चालत नाही.